माझ्या नावानं झालेली आंघोळ

मला हे लिहायचं नव्हतं. आधीच सांगून ठेवतो, म्हंजे मागनं कोणी म्हणायला नको की म्हाताऱ्याला मिरवायची हौस. पण आमच्या लायब्ररीचा अंक निघतोय, आणि तिथल्या मालतीबाई ऐकेनात. "तात्या, तुमी नाय लिवलं त लोक आपल्या मनाचं सांगतान," म्हणाल्या. लोक सांगतातच आहेत. घणसोलीच्या कट्ट्यावर माझ्या मरणाच्या चार तऱ्हा चालू आहेत. एकीत तर मी तिरडीवर उठून बसलो आणि चहा मागितला, असं आहे. साफ खोटं. तिरडी आलीच नव्हती. आणि चहा मी बंद केलाय, शुगर आहे.

म्हणून सांगतो. शाळा माझी चौथीपर्यंत (तीही मास्तर कंटाळला म्हणून), त्यामुळं मी बोलतो आणि आमची सून तेजश्री लिहून घेते. शुद्धलेखन तिचं, राग माझा.

मी शहाजी धनाजी शेडगे. गाव पिंपळखिंड, तालुका जावळी, जिल्हा सातारा. वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी होतो, आता गुडघे गेल्यावर घरी. पण मला शहाजी म्हणून कोणी हाक मारत नाही. आमच्यात आज्याचं नाव नातवाला ठेवायची रीत. पणजा धनाजी, आजा शहाजी, बाप धनाजी, मी शहाजी. नाव ठेवून मोकळे होतात, पण हाक कोण मारणार? माझी आई सासऱ्याचं नाव तोंडानं घेईना, म्हणून मी पाळण्यातच तात्या झालो. माझ्या पोराचं नाव कागदोपत्री धनाजी. पण आमच्या सत्यभामेलाही सासऱ्याचं नाव घेऊन "ए धन्या, नाक पूस" म्हणता येईना, म्हणून त्याचा सनी झाला. ही रीत ध्यानात ठेवा. पुढचा सगळा धिंगाणा हिच्यामुळं.

गावात भैरोबाची जत्रा असते. पालखी देवळातून निघते तेव्हा पहिला खांदा शेडग्यांचा, आणि शेडग्यांतही थोरल्या पातीचा, म्हंजे थोरल्या भावाच्या वंशाचा. माझ्या आज्याला दोन भाऊ. तिघांतल्या सगळ्यांत थोरल्याची पाती यंदा संपली. शेवटचा मानकरी वारला, मागं पोरबाळ नाही. उरले दोन भाऊ. एक माझा आजा शहाजी. दुसरा सानपाड्याच्या शिवाचा आजा, त्याचंही नाव शिवाच. ह्या दोघांत थोरला कोण? मी म्हणतो माझा, शिवा म्हणतो त्याचा. त्यांना पाहिलेलं माणूस एकच जिवंत आहे, माझी रंगूआत्या. तिला विचारलं तर म्हणाली, "मला काय ठावं? दोघंबी म्हातारं व्हते."

शिवा सरकारी हापिसात कारकून होता. कागद फक्त आपल्यालाच वाचता येतो, असं त्याला वाटतं. गावचा सरपंच शिवतेज निकम, तरणा पोरगा. तो म्हणाला, "दोघांनी जत्रेपर्यंत पुरावा आणा. तोंडी चालणार नाही." शिवा माझ्याकडं बघून नुसता हसला. मी सगळ्यांसमोर छातीवर हात मारला. "आणतो!"

आता तुम्हाला हसू येईल. येऊ दे. पण मी जन्मभर दुसऱ्याच्या बटाट्याला खांदा दिलाय. ह्या उजव्या खांद्यावर घट्टा आहे, सत्यभामा म्हणते त्यावर वाटण वाटता येईल. ह्या खांद्यावर एकदा देव घ्यावा, एवढीच इच्छा. बाकी मला काय पायजे होतं?

घणसोलीला परत आलो आणि सकाळी आंघोळ करून लायब्ररीत गेलो. टेबलावर मालतीबाई. घणसोली गावातल्या, इथल्याच मूळच्या.

"शेडग्यांचं पुस्तक द्या," मी म्हणालो.

"कनच्या शेडग्यांचा?"

"आमच्या."

"तुमी लिवलंय काय बाबा?"

"मी कशाला लिहू? तुमी ठेवलं असंल की. एवढी कपाटं हायेत."

बाई चांगली. हसली नाही (तोंडाला पदर लावला होता). मला कॉम्प्युटरसमोर बसवलं. जुनी सरकारी गॅझेटियरं, जुनी वर्तमानपत्रं, सगळ्याचे फोटो काढून आत घातलेत म्हणे. इंग्रजी होतं ते तिनं वाचून सांगितलं. काय सांगू! जावळीत बैल किती, म्हशी किती, नांगर किती, सगळं लिहिलेलं. शेडगे किती ते मात्र नाही. गोऱ्या साहेबाला बैलांची कदर होती.

पान बदललं की ते यंत्र मधेच काहीतरी विचारायचं. मी म्हणालो, "बाई, हे काय इचारतंय?"

"काय बी इचारलं त 'होय' दाबा बाबा. नायतं फुडं जात नाय."

हे वाक्य मी गाठीला बांधलं. तुम्हीही ध्यानात ठेवा.

मग मी रोज जायला लागलो. नाद लागला, खरं सांगतो. मार्केटात लिलावाला जशी धडधड व्हायची तशी छातीत व्हायची. एक दिवस एका जुन्या साप्ताहिकात सापडलं: 'मौजे पिंपळखिंड येथील शेडगे यास सरकारी जंगलात म्हैस चारल्याबद्दल दंड.'

मी खुर्चीवरून उठलो. "सापडला!"

पोलीस भरतीचा अभ्यास करणारी पोरं दचकली. मालतीबाई धावत आल्या. "काय सापडला?"

"आमचा माणूस! गुन्हेगार हाय!"

"बाबा, बोंब नका मारू. हे लायब्ररी हाय."

पण माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. छापील शेडगे! पण नुसतंच शेडगे, पहिलं नाव नाही. शहाजी का शिवा, कळायला मार्ग नाही. म्हशीचं नाव असतं तरी रंगूआत्यानं सांगितलं असतं.

त्या कागदाची झेरॉक्स घेऊन घरी आलो. तेजश्री म्हणाली, "तात्या, वंशावळीची साइट असते. आपण आपली माणसं टाकायची. कोणी आधीच टाकली असतील तर ती आपोआप जुळतात." तिनं माझं नाव घातलं, गाव घातलं, बायको म्हणून सत्यभामेचं नाव घातलं, आणि फोटो लावला. फोटो ज्येष्ठ नागरिकांच्या सत्काराचा. गळ्यात हार, कपाळाला मोठं गंध, चेहरा गंभीर (शाल टोचत होती). मग तिला कंपनीचा फोन आला. जाताना म्हणाली, "कशालाही हात लावू नका."

मी हात लावला नाही. एकच बोट लावलं.

टिंग करून घंटा वाजली. पडद्यावर आलं: 'शहाजी धनाजी शेडगे, पिंपळखिंड. ही तीच व्यक्ती आहे का?' आता मला सांगा, मी काय 'नाही' म्हणू? होय दाबलं. परत टिंग. 'पत्नी काशी. जोडायची का?' नाहीतर पुढं जात नाही. होय. 'मुलगा धनाजी?' होय! 'मुलगी रंगू?' होय! मी रंगात आलो. टिंग, होय, टिंग, होय. पडद्यावर फांद्यांना फांद्या फुटत होत्या, शेडगे नुसते उगवत होते. असा आनंद मला सनीच्या जन्माला झाला नव्हता (तेव्हा मी लिलावात होतो).

तेजश्री परत आली आणि डोक्याला हात लावून उभी राहिली.

"तात्या, काय केलंत?"

"घराणं उभं केलं."

"अहो, ही वंशावळ सानपाड्याच्या शिवाकाकांनी आधीच टाकलेली आहे. त्यातले शहाजी धनाजी म्हणजे तुमचे आजोबा. तुम्ही ते आणि तुम्ही एकच आहात म्हणून सांगितलंत. आता तुम्ही तुमचेच आजोबा झालात!"

मी नीट बघितलं. खरंच की. माझा बाप माझा पोरगा झाला होता. रंगूआत्या माझी मुलगी. आणि खाली कोपऱ्यात शिवा, माझ्या भावाचा नातू.

"शिवा माझा नातू?" मी म्हणालो. "राहू दे. पुसू नको."

"मी त्यांना कळवते. ते तपासून उद्यापर्यंत दोन माणसं वेगळी करतील."

"काय घाई न्हाय."

एवढ्यात सत्यभामा चष्मा लावून आली. "ही काशी कोन?"

"माझी आजी."

"हितं तुमची बायकू लिवलंय. पहिली. मी दुसरी."

"अगं, ते यंत्र..."

"यंत्रानं लिवलं, पर होय कुणी दाबलं?"

त्या संध्याकाळी तिनं चटणी वाटायला घेतली आणि रागानं मिक्सर असा पिळला की तो जळून बंद पडला. माझ्याशी बोलणं बंद, मिक्सर बंद. मी सगळ्यांचा आजा होऊन कोरडी भाकरी खाल्ली. तरी खुशीत होतो.

आता दुसऱ्या दिवशी सकाळी काय झालं ते ऐका. शिवानं त्या साइटवर माझ्या आज्याच्या मरणाचा दिवस घातला होता. साल त्याला ठाऊक नव्हतं, पण जत्रेच्या तोंडावर आजा गेला हे सगळ्या भावकीला माहीत. तो दिवस नेमका उजाडला. ती साइट पुण्यतिथीला सगळ्या जोडलेल्या माणसांना निरोप पाठवते. पेटती मेणबत्ती, फुलं, 'शहाजी धनाजी शेडगे यांचे स्मरण', आणि वर फोटो. फोटो माझा. हार घातलेला.

भावकीच्या ग्रुपवर तो पडला. वाचतो कोण? पहिल्यानं हात जोडले. दुसऱ्यानं भावपूर्ण श्रद्धांजली. तिसऱ्यानं लिहिलं, 'कालच बोलणं झालं होतं.' (साफ खोटं. त्याचं माझं तीन वर्षं बोलणं नाही.)

मी आंघोळीला बसलेलो. सनी तळोज्याला पहिल्या पाळीला. तेजश्री दळण आणायला गेलेली. दार वाजलं. दारात शिवा, पांढरा शर्ट, हातात हार. मला आतून सगळं ऐकू येत होतं, पण कानात साबण होता, वाटलं मिक्सरचं चाललंय. आमच्या हिलाही तेच वाटलं. तिच्या डोक्यात सकाळपासून दुसरं काही नव्हतंच.

"वहिनी, कसं झालं हो?"

"काय सांगू भावजी. काल सांजच्याला चांगला चालला व्हता. मधीच घरघर केली नि गप."

"अरेरे. कोणाला दाखवलं नाही?"

"दाखवून काय उपेग? जुना झाला व्हता. सनी म्हनला, आता ह्याच्यावर खर्च नको."

"सनी असं म्हणाला?" शिवानं नाक ओढलं. "वहिनी, धीर धरा."

"धीर कसला वं? लई सोसलं मी. नुसता आवाज मोठा, काम काय न्हाय."

"आता... कुठं ठेवलंय?"

"त्या बाल्कनीत. भंगारवाला येतूय."

धप्प करून आवाज आला. शिवा खाली बसला होता. मी ओरडलो, "सत्यभामे, टॉवेल!" कोणी देईना म्हणून धोतर गुंडाळून तसाच बाहेर आलो, अंगावर फेस, केस उभे.

शिवानं मला बघितलं. हातातला हार माझ्या पायावर टाकला, हात जोडले आणि किंचाळला, "तात्या, मला धरू नगंस! मान तुझा! तुझाच आजा थोरला! मी लिहून देतो!"

ऐकलं सत्यभामेनं. ऐकलं शेजारच्या दुर्गाबाईनं. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "बस. शब्द दिलास."

हात गार होता, पण माणसाचा होता. शिवानं दोनदा चाचपून बघितलं आणि त्याच्या तोंडावर रंग परत आला. "तू जिता हायस?"

"मग? नळाला पाणी आलंय, मरतो कशाला?"

"मग शब्द मागं घेतो. भुताला दिलेला शब्द धरत न्हाईत."

माझं रक्त असं उसळलं! पण तेवढ्यात त्याचा फोन वाजला. शिवतेज सरपंच. शिवानं तो मोठ्या आवाजावर लावला. "शिवाकाका, वाईट झालं. आख्ख्या शेडगे भावकीला दहा दिवसांचं सुतक. जत्रा परवा. कमिटीनं ठरवलंय, यंदा पहिला खांदा निकमांचा."

आम्ही दोघं एकमेकांकडं बघायला लागलो.

"गावाला कुणी कळवलं?" मी विचारलं.

शिवा खिडकीतनं बाहेर बघत म्हणाला, "मी. रिक्षातनं."

"घरात येऊन मढं बघायच्या आधी?"

"म्हटलं, जत्रा तोंडावर हाय, कळवल्यालं बरं."

मी फोन ओढला. "सरपंच, मी तात्या बोलतोय. मी जिवंत हाय."

"काका, आजकाल मोबाइलमध्ये मेलेल्याचा आवाज बनवतात."

"अरे माझं तोंड बघ!" शिवानं व्हिडिओ लावला.

"तोंड पण बनवतात. परवा माझ्या फोनवर वाघ भजन म्हणत होता. असं करा, देवळात समक्ष येऊन उभं राहा."

निकमांचा पोरगा, सोडतोय होय! मग काय, शिवाची गाडी काढली. पुढं शिवा, शेजारी मी, मागं सत्यभामा आणि तेजश्री. मेलेला आणि त्याची बातमी देणारा, दोघं एका गाडीत. दोघांचाही खांदा जात होता.

गावात शिरलो तर पायरीवर रंगूआत्या. नव्वदीची म्हातारी, ओले केस सोडून बसलेली. मला बघून तिनं डोळ्यांवर हात धरला. मग काठी टाकून आली, माझं तोंड दोन्ही हातांनी चाचपलं, कान धरून बघितले, आणि एवढी रडली की मलाही धरवेना. मग तीच काठी उचलून मला पाठीत घातली.

"मुडद्या! तुझ्या नावानं आंगुळ केली की रं म्या! समद्या भावकीनं केली!"

आमच्यात माणूस गेल्याचं कळलं की त्याच्या नावानं डोक्यावरून आंघोळ करतात. ती एकदा झाली की तो माणूस संपला. तो परत आला तर तसाच घरात घेत नाहीत. देवळात गुरव, सरपंच, सगळे जमले. गुरव डोकं खाजवत म्हणाला, "ह्याला परत जन्माला घालायला पायजे. बारसं करा, सुतक फिटलं."

शिवतेज लगेच म्हणाला, "मग जन्माचा विटाळ लागला! शेडगे तरीबी बाद."

रंगूआत्यानं काठी आपटली. "बाळंतीन कुटं हाय? दाव मला! बाळंतीन न्हाय तर इटाळ न्हाय!"

मी आत्याच्या पाया पडलो. मला वाटलं, जिंकलो.

पाळणा आला. मी त्यात मावेना, म्हणून माझा फेटा आत ठेवला आणि मला दोरी धरून शेजारी बसवलं. बायका पाळणा म्हणायला लागल्या, त्यात सगळ्यांत मोठा आवाज सत्यभामेचा. घुगऱ्या वाटल्या. आत्यानं माझ्या कानात एवढ्या जोरानं कुर्र केलं की तो कान अजून वाजतो. गुरवानं विचारलं, "नाव काय?"

मी म्हणालो, "शहाजी."

"शहाजी न्हाय," आत्या म्हणाली. "त्या नावानंच घोळ झालाय. धाकलू!"

सगळ्या देवळानं टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. सुतक फिटलं, खांदा शेडग्यांना परत मिळाला. मी शर्टाची बाही वर केली आणि पालखीकडं निघालो.

तेव्हा शिवा खाकरला. कारकुनासारखा. "कमिटी, एक शंका. पहिला खांदा शेडग्यांतल्या थोरल्याचा ना?"

"होय," शिवतेज म्हणाला.

"मग हा तर आत्ता जन्मला."

मी आत्याकडं बघितलं. आत्या म्हणाली, "आता म्याच जन्माला घातलाय. देवाच्या दारात खोटं कशी बोलू?"

जत्रेदिवशी पहिला खांदा शिवानं दिला. मलाही पालखीत मान मिळाला, नाही असं नाही. आमच्यात नवं मूल पालखीखालून काढतात. सत्यभामेनं माझा हात धरला, मी गुडघे टेकून इकडून आत गेलो नि तिकडून निघालो. देव माझ्या घट्ट्याच्या वितभर वरून गेला. बायका म्हणाल्या, किती गुणाचं बाळ, रडलं नाही. (मागं जाऊन रडलो.)

तेजश्रीनं साइटवर माझा आजा आणि मी वेगळे करून घेतले. मी अजून लायब्ररीत जातो. म्हशीवाल्या शेडग्याचं पहिलं नाव सापडेपर्यंत जाणार. काही विचारलं तर आता 'नाही' दाबतो, त्यामुळं पान उघडतच नाही, पण सावध राहिलेलं बरं.

एकच बाकी आहे. मला न बघता मेला म्हणून कळवलं आणि दिलेला शब्द फिरवला, त्याची माफी. त्यासाठी मी सानपाड्याला मुद्दाम गेलो. शिवा झोपाळ्यावर बसला होता. मला म्हणाला, "धाकट्याची माफी मागायची आपल्यात रीत न्हाय, धाकलू," आणि माझ्या हातावर खाऊ म्हणून लिमलेटची गोळी ठेवली. (शुगर आहे, म्हणून अर्धीच खाल्ली.)

लायब्ररीच्या अंकात हे छापून येईल तेव्हा तो वाचेल. कागद वाचता येतो ना त्याला? मग वाच. माफी तुझ्याकडं बाकी आहे. छापील नाव-गावासकट सांगतो: शिवा शेडगे, सानपाडा.